वेग, गणवेश आणि गुन्हा : ‘धूम’ (२००४) या हिंदी चित्रपटाचा चिकित्सक अभ्यास

गोषवारा

संजय गढवी दिग्दर्शित ‘धूम’ हा चित्रपट २७ ऑगस्ट २००४ रोजी प्रदर्शित झाला. मोटारसायकलवरून दरोडे घालणारी टोळी आणि तिच्या मागावरील पोलीस अधिकारी असे त्याचे साधे कथासूत्र आहे. या चित्रपटाची चर्चा बहुधा त्याच्या वेगाविषयी आणि शीर्षकगीताविषयी झाली. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वेगळ्या अंगाने केला आहे. हिंदी चित्रपटातील गुन्हेगाराला चिकटलेले सामाजिक ‘कारण’ या चित्रपटाने काढून टाकले. त्याच वेळी शहरातील श्रमिकाच्या अदृश्यतेविषयीचे एक सत्य त्याच्या हाती आले. परंतु कथानकातील एक युक्ती यापलीकडे त्याचा उपयोग त्याला करता आला नाही. या दोन विधानांची मांडणी चित्रपटाच्या आणि त्याच्या पुढील दोन भागांच्या आधारे केली आहे.

बीजशब्द : हिंदी चित्रपट, दरोडापट, मोटारसायकल, गणवेश, श्रम, न्याय

१. प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपट ही केवळ करमणुकीची वस्तू असून तिचा गंभीर विचार करण्याचे कारण नाही, असा समज शिक्षित वर्गात दीर्घकाळ रूढ होता. वास्तविक ज्या कलाकृती लाखो लोक पुनःपुन्हा पाहतात, त्यांत त्या समाजाची स्वप्ने आणि त्याचे मौन या दोहोंची नोंद होत असते. ‘धूम’ या दृष्टीने अभ्यासनीय ठरतो. आदित्य चोप्रा यांची निर्मिती, विजय कृष्ण आचार्य यांचे पटकथालेखन, निरव शाह यांचे छायालेखन, अ‍ॅलन अमीन यांचे साहसदृश्यांचे दिग्दर्शन, प्रीतम यांची गीते आणि सलीम-सुलेमान यांचे पार्श्वसंगीत अशी त्याची जुळणी होती. कौटुंबिक आणि प्रणयप्रधान चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या यशराज फिल्म्स या संस्थेने असा विषय हाती घेणे हेही त्या काळी लक्षणीय होते. पुढे ‘धूम २’ (२००६) आणि ‘धूम ३’ (२०१३) असे दोन भाग निघाले. दिग्दर्शक गढवी यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झाले. चित्रपटाच्या प्रदर्शनास दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतर त्याचे मूल्यमापन थोड्या अंतरावरून करणे शक्य झाले आहे.

२. हिंदी चित्रपटातील चोर आणि त्याचे ‘कारण’

स्वातंत्र्योत्तर हिंदी चित्रपटाने चोराला कधीही एकटे सोडले नाही. त्याच्यासोबत त्याचे कारणही पडद्यावर आणले. ‘आवारा’ (१९५१) मधील राज गुन्हेगारीकडे वळतो, कारण पित्याने आईला घराबाहेर काढलेले असते. माणूस जन्माने घडतो की परिस्थितीने, या वादाभोवती तो चित्रपट उभा आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयात होतो. ‘दीवार’ (१९७५) मधील विजयच्या हातावर लहानपणीच पित्याच्या अपमानाचा मजकूर गोंदलेला असतो. त्याचे तस्करीचे साम्राज्य हे त्या गोंदणाला दिलेले उत्तर होय. या परंपरेत प्रेक्षक गुन्ह्याचे समर्थन करीत नाही, परंतु गुन्हेगाराचे दुःख समजून घेतो. गुन्हा ही व्यवस्थेवरील टीका बनते.

या मुख्य प्रवाहाच्या कडेने चोरीकडे कोडे किंवा खेळ म्हणून पाहणारा दुसरा प्रवाहही वाहत होता. विजय आनंद यांचा ‘ज्वेल थीफ’ (१९६७) आणि ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’ (१९७२) ही त्याची परिचित उदाहरणे. २००२ मध्ये ‘आँखे’ आणि ‘काँटे’ हे दोन दरोडापट आले. पहिल्यात एक सूडाने पेटलेला माणूस तीन अंधांकडून बँक लुटवितो. दुसऱ्यात लॉस एंजेलिस येथील काही भारतीय, पोलिसांकडून झालेल्या छळाच्या पार्श्वभूमीवर, दरोड्याचा बेत आखतात. म्हणजे खेळाच्या या प्रवाहातही थोडेसे कारण शिल्लक होतेच.

‘धूम’मधील कबीर (जॉन अब्राहम) याच्याजवळ ते नाही. त्याची आई पडद्यावर येत नाही, त्याचा अपमान झालेला नाही, तो उपाशी नाही. तो कोठून आला हे चित्रपट सांगत नाही आणि प्रेक्षकही विचारीत नाही. पूर्वदृश्य हा हिंदी चित्रपटातील गुन्हेगाराचा जणू जन्मदाखला. तो येथे अनुपस्थित आहे. ही पटकथेची उणीव आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो पुरेसा नाही. भूतकाळ नसणे हाच या व्यक्तिरेखेचा गाभा आहे. मोजके संवाद, स्थिर चेहरा आणि हालचालीतील सहजता यांतून कबीर हा केवळ वर्तमानात जगणारा माणूस म्हणून उभा राहतो. जो सतत पुढे धावतो त्याला मागे पाहण्यास सवड नसते, ही गोष्ट चित्रपट संवादातून न सांगता रचनेतून सांगतो. अर्थव्यवस्था खुली झाल्यानंतर प्रौढ झालेल्या शहरी पिढीला हा कारणमुक्त नायक-खलनायक आपलासा वाटला, यात नवल नाही. पैसा मिळविण्यासाठी समर्थन द्यावे लागते, ही जुनी अट त्या काळात सैल होत होती.

३. कथानकाची रचना

मुंबईत एकामागून एक दरोडे पडतात. दरोडेखोर वेगवान मोटारसायकलींवरून येतात आणि पोलिसांच्या गाड्यांना हुलकावणी देऊन नाहीसे होतात. तपास साहाय्यक पोलीस आयुक्त जय दीक्षित (अभिषेक बच्चन) याच्याकडे येतो. मोटारसायकलींची दुरुस्ती करणारा आणि शर्यतीत धावणारा अली (उदय चोप्रा) याला तो मदतीस घेतो. टोळीतील तरुण दिवसा पिझ्झा घरपोच देणारे कामगार म्हणून वावरत असतात. कबीर जयला उघड आव्हान देतो, जय अपयशी ठरतो आणि अलीशी त्याची फारकत होते. टोळी गोव्यात जाते. जयच्या हातून मारल्या गेलेल्या साथीदाराच्या जागी अलीला घेतले जाते. नववर्षाच्या पूर्वसंध्येला तेथील कॅसिनोवर दरोडा पडतो. तेव्हा अली हा जयचाच माणूस असल्याचे उघड होते. अखेरच्या पाठलागात कोंडीत सापडलेला कबीर मोटारसायकलसह कड्यावरून समुद्रात झेप घेतो.

या कथानकात नावीन्य फारसे नाही. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ (२००१) व ‘ओशन्स इलेव्हन’ (२००१) यांसारख्या अमेरिकी चित्रपटांचे संस्कार त्यावर स्पष्ट दिसतात. मात्र उसनवारीचा आरोप करून थांबल्यास एक देशी धागा नजरेतून सुटतो. ‘शोले’ (१९७५) मध्ये जय आणि वीरू हे दोन भुरटे चोर साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून मैत्रीचे गाणे गात जातात. ‘धूम’मध्ये पोलीस अधिकाऱ्याचे नाव जय आहे आणि ती भूमिका ‘शोले’तील जय साकारणाऱ्या अमिताभ बच्चन यांच्या पुत्राने केली आहे. वीरूची भूमिका करणाऱ्या धर्मेंद्र यांची कन्या ईशा देओल येथे शीनाच्या भूमिकेत आहे. ‘शोले’त चोरांना कायद्याच्या माजी रक्षकाने कामाला लावले होते, ‘धूम’मध्ये कायद्याचा विद्यमान रक्षक गॅरेजमधील तरुणाला कामाला लावतो. दोन मित्रांची जोडी कायम राहिली. तिची बाजू मात्र बदलली. मैत्री पोलिसांच्या वाट्याला आली आणि आकर्षण चोराच्या.

४. मोटारसायकल : यंत्र आणि रस्ता

हिंदी चित्रपटात मोटारसायकल नवीन नव्हती. ‘अंदाज’ (१९७१) मध्ये ती तारुण्याच्या बेफिकिरीचे आणि त्याच श्वासात अकाली मृत्यूचे वाहन होती. ‘बॉबी’ (१९७३) मुळे राजदूतची छोटी गाडी त्या चित्रपटाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. या चित्रपटांत गाडी माणसाचा स्वभाव सांगत असे. ‘धूम’मध्ये हे नाते उलटे होते. येथे गाडी आधी दिसते आणि माणूस तिच्या अनुषंगाने येतो. शिरस्त्राणाआड चेहरे झाकलेले, पोशाख सारखे. ओळख पटते ती यंत्राच्या आवाजाने.

या चित्रपटातील सुझुकी हायाबुसा ही सुमारे १३०० सीसी क्षमतेच्या इंजिनाची आणि ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारी जपानी मोटारसायकल होती. २००४ मध्ये भारतीय रस्त्यांवर प्राबल्य होते ते १०० सीसीच्या, पेट्रोलची बचत करणाऱ्या गाड्यांचे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये ‘पल्सर’ आणल्यानंतर १५० व १८० सीसीच्या गाड्या मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात येऊ लागल्या होत्या. म्हणजे पडद्यावरील यंत्र आणि चित्रपटगृहाबाहेर उभे असलेले यंत्र यांत जवळजवळ दहापटीचे अंतर होते. ‘धूम’चे आकर्षण या अंतरात आहे. प्रेक्षकाला मोटारसायकल परिचित होती, तिचा तो वेग अपरिचित होता. महागडी मोटारगाडी त्याला परकी वाटली असती; दुचाकीचा मूठदांडा मात्र त्याच्या हाताच्या सवयीचा होता. स्वप्न परवडणारे वाटावे इतके जवळ आणि मिळू नये इतके दूर ठेवण्याची ही कला जाहिरातीच्या जवळची आहे.

रस्त्याचे चित्रण मात्र वास्तवापासून तुटलेले आहे. मुंबईचा रस्ता म्हणजे खोळंबा, फेरीवाले, खड्डे आणि सिग्नलला थांबलेली बस. पाठलागाच्या दृश्यांत हे सारे एक तर नाहीसे होते किंवा चुकवायचा अडथळा ठरते. संकलनाची लय इतकी द्रुत आहे की शहर ओळखू येण्यापूर्वीच ते मागे पडते. वेग दाखविण्यासाठी रस्ता मोकळा करावा लागतो आणि मोकळा केलेला रस्ता कोणत्याही शहरातील असू शकतो. ‘धूम २’ नामिबिया आणि रिओ दि जानेरो येथे आणि ‘धूम ३’ शिकागोत का गेला, याचे उत्तर पहिल्या भागातील या रित्या रस्त्यांतच मिळते.

या वेगाची एक बाजू चित्रपटाबाहेर राहते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. याचा दोष एखाद्या चित्रपटावर टाकणे अन्यायाचे होईल. रस्त्यांची अवस्था, वाहतुकीची शिस्त आणि शिरस्त्राणाविषयीची अनास्था ही कारणे चित्रपटाहून फार जुनी आहेत. तथापि ज्या देशात दुचाकी हे पती, पत्नी आणि दोन मुलांचे कौटुंबिक वाहन आहे, तेथे तिला निःसंग वेगाचे प्रतीक करताना चित्रपटाने काय वगळले, हे समीक्षेने नोंदविले पाहिजे. गमतीची गोष्ट अशी की ही वगळलेली बाजू अलीच्या रूपाने विनोदात शिरते. कोणतीही तरुणी दिसताच त्याला लग्नाची आणि मुलाबाळांच्या संसाराची स्वप्ने पडू लागतात. प्रेक्षक त्याला हसतो. परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडून गाडीला किक मारणारा बहुसंख्य प्रेक्षक कबीर नसून अली असतो.

५. गणवेश : सापडलेले आणि निसटलेले सत्य

‘धूम’मधील सर्वांत अर्थपूर्ण कल्पना मोटारसायकल ही नसून पिझ्झा पोचविणाऱ्याचा गणवेश ही आहे. पोलीस यंत्रणा ज्या तरुणांना शोधत असते ते तिच्यासमोरून जात असतात. त्यांना कोणी अडवीत नाही, कारण त्यांच्या अंगावर कामगाराचा गणवेश असतो. अट्टल गुन्हेगाराला दडण्यासाठी तळघर लागत नाही. ज्याच्याकडे शहर पाहत नाही असा माणूस होणे त्याला पुरेसे असते. दार उघडणारा ग्राहक खोके पाहतो, बिल पाहतो, घड्याळ पाहतो. आणणाऱ्याचा चेहरा पाहत नाही. महानगरातील सेवाक्षेत्राविषयीचे हे निरीक्षण एखाद्या समाजशास्त्रीय निबंधात शोभावे इतके नेमके आहे.

दुर्दैवाने चित्रपट या निरीक्षणापाशी थांबत नाही. गणवेशाचे रहस्य जयला उमगते, कथानक पुढे सरकते आणि ती कल्पना मागे पडते. खरोखर पिझ्झा पोचविणारा एकही कामगार व्यक्तिरेखा म्हणून चित्रपटात येत नाही. या शोधानंतर शहरातील अशा प्रत्येक तरुणाकडे संशयाने पाहिले गेले असते, त्याला अडवून झडती घेतली गेली असती, हा साधा विचारही पटकथेच्या मनाला शिवत नाही. श्रमिकाचा वेष चोराला उपयोगी पडला. श्रमिक स्वतः मात्र जसा शहराला दिसत नव्हता तसाच चित्रपटालाही दिसला नाही. ज्या अदृश्यतेवर चित्रपटाने बोट ठेवले तिचाच तो बळी ठरला, असे म्हणावे लागते.

ही कल्पना किती अचूक होती याचा पुरावा पडद्याबाहेर मिळाला. केरळमधील चेलेंब्रा येथे ३० डिसेंबर २००७ रोजी एका ग्रामीण बँकेवर दरोडा पडला आणि सुमारे ऐंशी किलो सोने चोरीस गेले. त्या टोळीला ‘धूम’वरून कल्पना सुचल्याचे तपासानंतर प्रसिद्ध झाले. त्या दरोड्यात मोटारसायकलींचा थरार नव्हता. बँकेखालचा गाळा उपाहारगृह काढण्याच्या बहाण्याने भाड्याने घेऊन आणि दुरुस्तीचे काम चालू असल्याचे भासवून छताला भगदाड पाडले गेले होते. अर्थात त्या चोरांनी चित्रपटातून वेग उचलला नाही. त्यांनी दोन गोष्टी उचलल्या : नववर्षाचा मुहूर्त आणि काम करणाऱ्या माणसाकडे कोणी निरखून पाहत नाही हे ज्ञान. समीक्षकांच्या नजरेतून जे सुटले ते चोरांनी नेमके वाचले, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

आज या प्रतिमेचा अर्थ आणखी बदलला आहे. मोबाइलवरील मागणीनुसार अन्न व किराणा पोचविणारे असंख्य तरुण शहरांतून दुचाकी चालवितात. त्यांची घाई साहसाची नाही. ती मिनिटांच्या हिशेबाची आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या कायद्यात प्रथमच केली. या पार्श्वभूमीवर ‘धूम’ पुन्हा पाहताना चित्रपटाची उतरंड उलटी दिसू लागते. २००४ मध्ये चोर हा खरा आणि पिझ्झावाला हा सोंग होता. आज पडद्यावरील चोर हे सोंग वाटते आणि त्याने घातलेला गणवेश तेवढा खरा वाटतो.

६. न्यायालयाविना शेवट

‘आवारा’चा शेवट तुरुंगात होतो. ‘दीवार’मध्ये पोलीस झालेला भाऊ गोळी झाडतो आणि विजय मंदिरात आईच्या मांडीवर प्राण सोडतो. दोन्हीकडे गुन्ह्याचा हिशेब कोणासमोर तरी द्यावा लागतो : एकीकडे कायद्यासमोर, दुसरीकडे कुटुंबासमोर आणि देवासमोर. ‘धूम’मध्ये कबीर कोणालाही हिशेब देत नाही. जय त्याला पकडू शकत नाही. कबीर स्वतःच्या मर्जीने कडा ओलांडतो. कायदा जिंकला असे म्हणावे तर कैदी हाती नाही, हरला असे म्हणावे तर चोर उरलेला नाही.

ही योजना पुढील भागांतही टिकली. ‘धूम २’ मधील आर्यन (हृतिक रोशन) याला जय अखेरीस सोडून देतो. ‘धूम ३’ मधील साहिर आणि समर हे जुळे भाऊ (आमिर खान) धरणावरून एकत्र मृत्यूला सामोरे जातात. तिन्ही चित्रपटांत जय दीक्षित एकाही मुख्य आरोपीला न्यायालयात उभा करू शकत नाही. पोलीस कायम, चोर दरवेळी नवा; तरीही प्रत्येक भाग ओळखला जातो तो चोराच्या नावाने. येथे पोलीस हा गुन्ह्याचा शेवट करणारा नसून त्याचा साक्षीदार आहे.

‘धूम ३’ने एक महत्त्वाची कबुलीही दिली. त्यात बँकेमुळे उद्ध्वस्त झालेल्या सर्कसमालक पित्याची आत्महत्या आणि मुलांनी घेतलेला सूड असे जुन्या पद्धतीचे कारण परत आले. पहिल्या भागाने हद्दपार केलेला भूतकाळ तिसऱ्या भागाला बोलावून आणावा लागला. कारणमुक्त गुन्हा एकदा थक्क करतो. त्याची पुनरावृत्ती करताना मात्र मालिकेला भावनेचा आधार शोधावा लागला, असा त्याचा अर्थ लावता येतो.

७. मर्यादा आणि बलस्थाने

स्त्री-व्यक्तिरेखांच्या बाबतीत चित्रपट फारच तोकडा आहे. जयची पत्नी स्वीटी (रिमी सेन) घराच्या चौकटीतील लाडीक प्रसंगांपुरती येते. शीना टोळीशी संबंधित असूनही तिला स्वतःचा निर्णय असा जवळजवळ नाही. मोटारसायकलीचा वेग सर्वस्वी पुरुषांच्या मालकीचा राहतो. याउलट अनावश्यक उपदेश टाळणे, दोन तासांहून थोड्याच अधिक वेळात कथा संपविणे, पार्श्वसंगीत आणि यंत्राचा आवाज यांची एकजीव गुंफण करणे ही त्याची बलस्थाने नाकारता येत नाहीत. साहसदृश्ये हा कथेला चिकटवलेला भाग न राहता तीच कथा होणे, हे मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपटात तोवर क्वचितच घडले होते.

८. समारोप

‘धूम’ हा महान चित्रपट नाही. तथापि तो आपल्या काळाचा प्रामाणिक दस्तऐवज आहे. गुन्ह्याला कारण लागते ही जुनी नैतिक अट त्याने मोडली आणि त्या मोकळेपणाचा आनंद प्रेक्षकाला दिला. ती अट मोडताना गुन्ह्यामागील समाजही दृष्टीआड झाला, ही त्या आनंदाची किंमत होती. नेमक्या याच चित्रपटात समाज एका खोके पोचविणाऱ्या तरुणाच्या रूपाने दारात येऊन उभा राहिला होता. चित्रपटाने दार उघडले, गणवेश ओळखला आणि आतला चोर पकडण्यासाठी तो धावला. त्या गणवेशातील खऱ्या माणसाची कथा सांगण्याचे काम हिंदी चित्रपटाकडे अजून बरेचसे शिल्लक आहे.